आरशांचा उस्ताद : इब्न-उल-हैसम



ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची वाटी पुढे आली, की वाटीतला स्टीलचा चमचा पुसून एकदा डोळ्यांसमोर धरून पाहा. चमच्याच्या खोलगट बाजूत तुमचा चेहरा उलटा दिसेल, डोके खाली आणि हनुवटी वर. चमचा पालथा करा, की तोच चेहरा सुलटा होतो, पण लहान आणि लांबट दिसतो. लहान मूल हे पाहून खुदकन हसते आणि चमचा पुन्हा पुन्हा फिरवत बसते. आपण मोठी माणसे मात्र त्याला गुमान खा म्हणून दटावतो.

उरुसाच्या बाजारात किंवा जत्रेत आरसेमहालाचा तंबू असतो, तोही तुम्ही पाहिला असेल. एका आरशात आपण बांबूसारखे उंच, दुसऱ्यात माठासारखे गोल, तिसऱ्यात डोके एवढेसे आणि पाय मोठाले. तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणून आपण हसत बाहेर पडतो. पण हा आरसा मला बारीक का दाखवतो आणि तो जाड का दाखवतो, असा प्रश्न बाहेर पडताना आपल्यापैकी किती जण विचारतात?

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका माणसाने हा प्रश्न विचारला, आणि नुसता विचारून तो थांबला नाही. त्याने सात प्रकारचे आरसे घेतले, त्यांवर प्रकाश पाडून पाहिला आणि कोणता आरसा डोळ्याला कसा फसवतो, याचा सविस्तर हिशेब मांडला. त्या माणसाचे नाव अबू अली अल्-हसन इब्न-उल-हैसम. युरोपने पुढे त्यांना अल्हाझेन या नावाने ओळखले. आज त्यांचीच हकीकत तुम्हांला सांगायची आहे.

बसऱ्याचा मुलगा

इब्न-उल-हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ३५४ च्या आसपास, आजच्या इराकमधील बसरा शहरी झाला. बसरा हे त्या काळचे गजबजलेले बंदर. व्यापारी गलबतांबरोबर तेथे देशोदेशींची माणसे येत आणि त्यांच्याबरोबर विचारही येत. त्याआधीच्या दीडदोनशे वर्षांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे झाली होती. आपल्या भारतातील अंक आणि गणितही तेथे पोहोचले होते. ज्याला शिकायची हौस होती, त्याच्यापुढे ज्ञानाचे मोठे दस्तरखान मांडलेले होते.

तरुणपणी त्यांना एक गोष्ट खटकली. विद्वानांचे गट पडलेले, प्रत्येक गट आपलेच खरे मानणारा, आणि एकाच प्रश्नाची चार उत्तरे. सत्य जर एकच असेल, तर इतकी उत्तरे कशी? ज्या गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात आणि बुद्धीने ताडून घेता येतात, त्यांच्या आधारानेच सत्याकडे जाता येईल, असा निश्चय त्यांनी केला. गणित, ज्योतिष आणि निसर्गाचा अभ्यास हा त्यांनी आपला मार्ग ठरविला.

नाईलच्या काठी

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग सांगतो. तो समजायला आपल्या शहरातील माणसाला मुळीच अवघड जाणार नाही, कारण आपले शहर पाण्याच्या युक्तीवरच वसले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गावाला नहरींनी पाणी आणले. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. पाणचक्कीला पाणी देणारी अठराव्या शतकातील नहर तर आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पाणी कोठून येते, किती उतारावरून येते आणि कसे अडवायचे, हा हिशेब जमला तर वस्ती जगते.

इजिप्तमध्ये नाईल नदीचे तसेच होते. एखाद्या वर्षी पूर फार यायचा आणि शेते बुडायची. एखाद्या वर्षी कमी यायचा आणि दुष्काळ पडायचा. जुने चरित्रकार इब्न-उल-किफ्ती यांनी लिहून ठेवले आहे, की नाईलच्या पाण्याचे नियमन करता येईल असे इब्न-उल-हैसम दूर बसऱ्यात बसून म्हणाले, आणि ही गोष्ट कैरोचा फातिमी खलिफा अल्-हाकिम याच्या कानांवर गेली. अल्-हाकिम याने इ. स. ९९६ ते १०२१ या काळात राज्य केले. त्याला विद्येची आवड होती, पण त्याचा स्वभाव लहरी होता. कोणावर केव्हा मर्जी खप्पा होईल याचा नेम नसे. त्याने इब्न-उल-हैसम यांना सन्मानाने बोलावून घेतले आणि माणसे व सामान देऊन नदीच्या वरच्या अंगाला पाठविले.

इब्न-उल-हैसम नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघाले. वाटेत त्यांना प्राचीन मिसरी लोकांची प्रचंड आणि रेखीव बांधकामे दिसली. त्यांच्या मनात शंका आली. ज्यांना इतके नेमके गणित आणि इतकी कारागिरी अवगत होती, त्यांना नाईल अडवणे शक्य असते तर त्यांनी ते केव्हाच केले नसते काय? शेवटी ते अस्वानजवळच्या धबधब्यांच्या जागी पोहोचले. तेथे त्यांनी दोन्ही तीर पाहिले, पाणी पाहिले आणि आपला विचार जागेवर ताडून पाहिला. आपल्या मनातली योजना त्या काळच्या साधनांनी होण्यासारखी नाही, हे त्यांना कळून चुकले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सर्वांदेखत शब्द दिलेला, खर्च बादशाही आणि मालक असा लहरी. अशा वेळी अनेकांनी काही तरी थातुरमातुर बांधकाम उभे करून वेळ मारून नेली असती. इब्न-उल-हैसम परत आले आणि हे काम माझ्याने होणार नाही, असे त्यांनी खलिफाला सांगितले.

खलिफाने त्यांना दरबारात एक जागा दिली खरी, पण त्या मर्जीचा भरवसा काय? जिवाच्या भीतीने इब्न-उल-हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले, अशी हकीकत इब्न-उल-किफ्ती देतात. त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि त्यांना एका घरात बंद करण्यात आले. १०२१ साली अल्-हाकिमचा अंत झाला, तेव्हा कोठे त्यांनी ते सोंग टाकले. पुढे ते अल्-अझहर मशिदीजवळ एका लहानशा जागेत राहू लागले. दरवर्षी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ यांसारखी पुस्तके स्वहस्ते नकलून ते विकत. त्यांचे दीडशे दिनार येत आणि तेवढ्यावर त्यांचा वर्षाचा गुजारा होई. उरलेला सगळा वेळ अभ्यासासाठी असे.

ज्या अस्वानजवळून ते खाली मान घालून परतले, तेथेच १९७० साली नाईलवरचे उंच धरण पूर्ण झाले. आपल्या पैठणला गोदावरीवरचे जायकवाडी धरणही १९७६ साली पुरे झाले. नदी अडवण्याची कल्पना खुळी नव्हती. तिला लागणारी साधने हजार वर्षांनी हाती आली, एवढेच.

इतबार म्हणजे काय?

कैरोतील वास्तव्यात त्यांच्या हातून जो मोठा ग्रंथ झाला, त्याचे नाव किताब-उल-मनाझिर. मनाझिर म्हणजे देखावे, दृश्ये. त्याचे सात भाग आहेत. पहिले तीन भाग सरळ पाहण्याविषयी, चौथा ते सहावा आरशांतून पाहण्याविषयी आणि सातवा पाणी, काच अशा पदार्थांतून पाहण्याविषयी.

त्या काळी फार मोठे विद्वानही असे मानत, की डोळ्यांतून किरण बाहेर पडतात, ते वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून वस्तू दिसते. युक्लिड आणि टॉलेमी यांचे मत याच बाजूचे होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांना हे मान्य नव्हते, पण त्यांच्यापाशी गणित नव्हते. इब्न-उल-हैसम यांनी साध्या गोष्टींवर बोट ठेवले. तळपत्या सूर्याकडे पाहिले तर डोळा दुखतो. जे दुखते ते बाहेरून आत आलेले असते. उजळ वस्तूकडे बराच वेळ पाहून अंधारात नजर वळवली, तरी तिचा ठसा डोळ्यांपुढे तरळत राहतो. म्हणजे डोळा पाठवणारा नव्हे, घेणारा आहे. प्रकाशित वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना सरळ रेषेत प्रकाश निघतो आणि त्यातला काही डोळ्यांत शिरतो, असा त्यांचा सिद्धांत.

आणि प्रकाश सरळ जातो कशावरून? त्यांनी अंधाऱ्या खोलीचा प्रयोग केला. भिंतीला बारीक भोक, भोकाबाहेर ओळीने मांडलेले दिवे. आत समोरच्या बाजूला जितके दिवे तितके प्रकाशाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला, की नेमका त्याच्या समोरचा ठिपका गेला. उघडला, की पुन्हा आला. सर्व दिव्यांचे किरण त्या एवढ्याशा भोकातून एकत्र गेले, पण एकमेकांत मिसळले नाहीत. हा प्रयोग तुम्ही तीन मेणबत्त्या आणि भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन घरी करू शकता. मोठे कोणी तरी जवळ असू द्या.

अशा तपासणीला त्यांनी अरबीत जो शब्द वापरला, तो ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. तो शब्द आहे एतिबार. आपल्या घरांतील उर्दूत आणि दखनीत एतबार म्हणजे भरवसा. जुन्या मराठीतही इतबार, बेइतबार हे शब्द आहेत. आपण इतबार म्हणतो तेव्हा विश्वास टाकून मोकळे होतो. इब्न-उल-हैसम यांच्या लेखी एतिबार म्हणजे आधी पारखून पाहणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवा. पारखल्यानंतर जो बसतो, तोच पक्का भरवसा. त्यांच्या सगळ्या आयुष्याचे सार या एका शब्दात आले आहे, असे मला वाटते.

सात आरसे

आता आरशांकडे वळू. त्या काळचे आरसे म्हणजे घासून चकचकीत केलेल्या धातूचे. इब्न-उल-हैसम यांनी सात आकार निवडले. एक सपाट. दोन गोलाचे, एक बाहेरून फुगलेला आणि एक आतून खोलगट. दोन नळकांड्याचे आणि दोन शंकूचे, तसेच आतले व बाहेरचे. शाळेच्या पुस्तकात फुगलेल्याला बहिर्वक्र आणि खोलगटाला अंतर्वक्र म्हणतात. चमच्याची पाठ बहिर्वक्र आणि पोट अंतर्वक्र, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

या सातही आरशांसाठी त्यांनी एक उपकरण सांगितले आहे. निरनिराळ्या कोनांत भोके पाडलेले लाकडाचे कडे, आणि मध्ये आरसे पाळीपाळीने बसवण्याची सोय. एका भोकातून किरण आत सोडायचा आणि तो कोणत्या भोकातून बाहेर येतो, ते पाहायचे. आरसा सपाट असो की वाकडा, प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे त्यांनी सातही आरशांवर ताडून पाहिले. नियम एकच आहे. वेगळा आहे तो आरशाचा आकार, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे तोंड वेगळ्या दिशेला असल्यामुळे किरण वेगळीकडे जातात.

ग्रंथाचा सहावा भाग तर सबंध याच विषयावर आहे : आरशांत पाहताना दृष्टीची चूक कशी होते. सपाट आरशात काय चुकते, फुगलेल्यात काय, खोलगटात काय, नळकांड्यात काय, असे एकेक प्रकरण घेऊन त्यांनी लिहिले आहे. वस्तू लहान का दिसते, मोठी का, वाकडी का, उलटी का, याची कारणे तेथे आहेत. म्हणजे जत्रेतल्या आरसेमहालाचे शास्त्र त्यांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ते शास्त्र थोडक्यात असे. आपले मन गृहीत धरते, की प्रकाश नेहमी सरळ समोरून येतो. आरसा प्रकाशाला वळवतो, पण मनाला त्याचा पत्ता नसतो. मग वळून आलेला किरण ज्या दिशेने डोळ्यांत शिरतो, त्याच दिशेला मन वस्तूची जागा मानते. फुगलेला आरसा किरण फाकवतो, म्हणून प्रतिमा लहान होते. आरसा फक्त आडव्या बाजूने फुगलेला असेल, तर रुंदी आक्रसते आणि उंची तशीच राहते; आपण बांबू होतो. उभ्या बाजूने फुगलेला असेल, तर उंची आक्रसते. आपण माठ होतो. खोलगट आरसा किरण एकत्र आणतो. आपण त्याच्या अगदी जवळ असलो, तर चेहरा मोठा आणि सुलटा दिसतो, म्हणून दाढीचा आरसा तसा करतात. दूर गेलो, की किरण वाटेतच एकमेकांना छेदून जातात आणि चेहरा उलटा होतो. तुमच्या चमच्यात घडते ते हेच.

म्हणजे आरसा खोटे बोलत नाही. तो आपल्या आकाराशी इमान राखतो. चूक होते ती आपल्या गृहीत धरण्यात.

पूर्ण चंद्र उगवताना क्षितिजाजवळ थाळीएवढा दिसतो आणि डोक्यावर आला की लहान वाटतो, त्याविषयीही इब्न-उल-हैसम यांनी हेच सांगितले. क्षितिजाजवळ झाडे, घरे, डोंगर मध्ये असतात, त्यामुळे मन चंद्राला फार दूर समजते आणि म्हणून मोठा मानते. खरे वाटत नसेल तर हात लांब करून करंगळीच्या नखाशी दोन्ही वेळी चंद्र ताडून पाहा. तो तेवढाच असतो.

कॅरमची गोल पाटी आणि जादूची वाटी

त्यांच्या नावाने एक कोडे गणितात प्रसिद्ध आहे. तुम्ही कॅरम खेळता. सरळ फळीवर आपटून सोंगटी कोठे जाईल, हे सराईत मुलगा चटकन सांगतो. आता कॅरमची पाटी गोल आहे अशी कल्पना करा. स्ट्रायकर येथे, सोंगटी तेथे. गोल फळीवर नेमका कोठे मार द्यावा, म्हणजे स्ट्रायकर उलटून सोंगटीवर जाईल? आरशाच्या भाषेत सांगायचे तर, वस्तू आणि डोळा यांच्या जागा ठाऊक असताना वाकड्या आरशावरचा कोणता बिंदू प्रकाश परतवतो? दिसायला सोपे असलेले हे कोडे अतिशय कठीण आहे. इब्न-उल-हैसम यांनी आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात ते शंकूच्या छेदांतून मिळणाऱ्या वक्र रेषांच्या मदतीने सोडविले. सतराव्या शतकात हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स यांनी त्याची सुटसुटीत रीत शोधली. केवळ पट्टी आणि कंपास यांनी हे कोडे सर्वसाधारणपणे सुटणे अशक्य आहे, हे ऑक्सफर्डचे गणितज्ञ पीटर न्यूमन यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केले. हजार वर्षे पुरून उरलेले हे कोडे आहे!

आणखी एक काम सांगायलाच हवे. सूर्याचे किरण एकवटून जाळ करणाऱ्या आरशांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले. गोलाच्या आकाराचा खोलगट आरसा सर्व किरण एकाच बिंदूत आणत नाही. कडेचे किरण जरा अलीकडे छेदतात. पण अन्वस्ताच्या आकाराचा आरसा, म्हणजे वर फेकलेला चेंडू ज्या वक्र वाटेने खाली येतो त्या रेषेपासून घडवलेली वाटी, अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण एकाच बिंदूत आणते. त्या बिंदूला नाभी म्हणतात. ग्रीकांना हा गुण माहीत होता; इब्न-उल-हैसम यांनी त्याची पद्धतशीर सिद्धता दिली. टॉर्चमध्ये हेच उलट घडते. नाभीवर बल्ब असतो आणि प्रकाश समांतर होऊन दूर जातो. शेजारच्या जिल्ह्यात शिर्डीच्या प्रसादालयासाठी २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून स्वयंपाक करणारी यंत्रणा बसविली गेली, तिच्या तबकड्यांचे गणितही या अन्वस्ताचेच.

याच गणितावर एक अजब खेळणे बनते. विज्ञान प्रदर्शनात तुम्ही ते पाहिले असेल. अन्वस्ताकार आरशाच्या दोन वाट्या एकमेकींवर तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या असतात. वरच्या वाटीला मध्ये भोक असते. खालच्या वाटीच्या तळाशी एक नाणे टाकले, की ते नाणे वरच्या भोकाच्या तोंडाशी हवेत ठेवल्यासारखे दिसते. उचलायला जावे, तर बोटांत काहीच येत नाही. अमेरिकेत सांता बार्बरा येथील विद्यापीठातील व्हर्जिल एलिंग्ज आणि कॅलिस्ट लँड्री यांना या रचनेचे पेटंट १९७२ साली मिळाले. युक्ती अशी, की प्रत्येक वाटीचा मध्य दुसऱ्या वाटीच्या नाभीवर येतो. तळाच्या नाण्यापासून निघालेले किरण वरच्या वाटीवर आदळून समांतर होतात, खाली येतात, खालच्या वाटीवरून परततात आणि भोकाशी पुन्हा एकत्र येतात. डोळा म्हणतो नाणे आहे. बोट म्हणते नाही. कोणावर भरवसा ठेवायचा? हाच तर एतिबार! मूल जेव्हा दिसणाऱ्या नाण्यात बोट घालते, तेव्हा ते इब्न-उल-हैसम यांच्याच वाटेने एक पाऊल टाकत असते.

मात्र एक ताकीद. अशा कोणत्याही आरशातून सूर्याकडे कधी पाहू नका, आणि खोलगट आरसा उन्हात सोडून जाऊ नका. तो खेळ नव्हे. डोळा जाईल किंवा आग लागेल.

त्यांच्यानंतर

इब्न-उल-हैसम यांनी कैरोतच सुमारे इ. स. १०४० मध्ये देह ठेवला. नव्वदहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर नोंदलेली आहेत आणि त्यांपैकी पन्नासहून अधिक आज उपलब्ध आहेत. किताब-उल-मनाझिरचे भाषांतर सुमारे १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये झाले. रॉजर बेकन आणि विटेलो यांनी त्याचा अभ्यास केला. पूर्वेकडे कमालुद्दीन फारसी यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यावर मोठी टीका लिहिली आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्याचे कारण शोधले. १५७२ साली बाझल येथे मूळ ग्रंथाचे लॅटिन भाषांतर छापून निघाले. २०१५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय प्रकाशवर्ष म्हणून पाळले, तेव्हा या ग्रंथाच्या हजार वर्षांचे स्मरण जगभर झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे.

पण आपल्या थोरांचे गुणगान करून छाती फुगवून घ्यायची आणि स्वस्थ बसायचे, हे त्यांना स्वतःला रुचले नसते. टॉलेमीला ते फार मानत, तरी त्याच्या ग्रंथांतील विसंगती दाखवणारे एक स्वतंत्र पुस्तक त्यांनी लिहिले. सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या शब्दावर नुसता विसंबून न राहता त्यांच्या लिखाणाला प्रश्न विचारावेत, आणि आपल्या स्वतःच्या समजुतीवरही तितकाच संशय घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्यांची स्वतःचीही चूक झाली. डोळ्यातील भिंगासारखा भाग हाच पाहण्याचे स्थान आहे, असे ते मानत. योहान केप्लर यांनी १६०४ साली दाखवून दिले, की प्रतिमा पडते ती डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आणि पडते तीही उलटी. केप्लर हे दाखवू शकले, कारण प्रकाशाच्या रेषांचा हिशेब करण्याची रीत इब्न-उल-हैसम यांच्यापासूनच चालत आली होती. उस्तादाची चूक त्याच्याच रीतीने दुरुस्त होणे, यापरता उस्तादाचा मोठा मान कोणता?

तुमच्यासाठी

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तकात छापले आहे म्हणून किंवा गाईडमध्ये तयार उत्तर आहे म्हणून गोष्ट खरी होत नाही. आज तर हातातल्या फोनवर दिवसाला शंभर चित्रे आणि शंभर बातम्या येतात, आणि त्यांतील कित्येक वाकड्या आरशासारख्याच असतात. पुढे ढकलण्यापूर्वी एकदा विचारा : हे कशावरून? स्टीलचा पेला कागदावर उभा ठेवा आणि त्यात सरळ दिसेल असे वाकडे चित्र काढण्याचा यत्न करा. दहा कागद फुकट जातील, अकरावा जमेल. त्या दहा कागदांवर तुम्ही जे शिकाल, ते कोणतेही गाईड शिकवणार नाही.

आणि ज्याच्या निकालावर यंदा नापास हा शिक्का बसला आहे, त्याने नाईलच्या काठचा तो माणूस आठवावा. दिलेला शब्द पुरा झाला नाही, इभ्रत गेली, मालमत्ता गेली. ते काम माझ्याने होणार नाही हे त्यांनी कबूल केले. पण माझ्याने काहीच होणार नाही, असे त्यांनी कधी मानले नाही. दुसऱ्यांची पुस्तके नकलून पोट भरले आणि आपले पुस्तक लिहिले.

माता-पित्यांना एकच विनंती. मुलगा असो की मुलगी, तिने चमचा फिरवीत का म्हणून विचारले तर तिला गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर मलाही ठाऊक नाही, चल पाहू या, असे म्हणा. त्याने तुमचा मान कमी होणार नाही. घरात एक चमचा, एक पेला आणि एक टॉर्च असतेच; शास्त्राची शाळा सुरू व्हायला तेवढे पुरे. शीरखुर्मा थोडा गार झाला तरी चालेल.